कडेला उभं राहण्याचा खेळ

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. सुनंदा फोनवर कधी मुद्द्याचं लवकर बोलत नाही. आधी माझे गुडघे, मग तिची शुगर, मग तिच्या सुनेचे पराक्रम, आणि या सगळ्यानंतर मूळ काम. त्या दिवशी मात्र ती एकदम म्हणाली, "विजू, दळवी सर गेले गं." मग तीच बोलायला लागली. रविवारी दुपारी सरांनी सुरमईच्या तुकड्या खाल्ल्या, सोलकढी दोनदा मागून घेतली, "जरा पडतो" म्हणाले आणि पुन्हा उठलेच नाहीत. "पोटभर जेवून गेला बघ माणूस," सुनंदा म्हणाली, आणि रडता रडता आम्हा दोघींनाही हसू आलं. ऐंशी पार केलेल्या, खाण्यावर एवढं प्रेम असलेल्या माणसाला याहून बरं मरण कुठलं मिळणार?

आता महिना उलटून गेलाय. या महिन्याभरात निदान दहा जणांनी मला विचारलं असेल, दळवी सर म्हणजे तुमचे कोण? शाळेतले का? नाही, शाळेतले नाहीत. मोहन दळवी बँकेत कारकून होते. बोरिवली पूर्वेला आमच्या वसाहतीत दोन इमारती सोडून राहायचे आणि संध्याकाळी आम्हा मुलींना फुटबॉल शिकवायचे. ऐंशीच्या दशकात, पाण्याच्या टाकीमागच्या एवढ्याशा मैदानात, पाच-पाच जणींचा छोटा फुटबॉल. एवढं सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "फुटबॉल? तेव्हा? मुली?" तर तीच गोष्ट सांगायची आहे.

आम्ही मुळात सगळ्या खो-खोवाल्या. शाळेच्या मैदानात नवी इमारत उभी राहायला लागली आणि आमचे खो-खोचे खांब एका रात्रीत विटांच्या ढिगाखाली गेले. आम्ही वसाहतीच्या कट्ट्यावर सुतकी चेहऱ्याने बसलेल्या असताना दळवी सर बँकेतून येत होते. ते स्वतः तरुणपणी खो-खो खेळलेले. थांबले, चौकशी केली आणि म्हणाले, "पळता येतं ना? मग उद्यापासून फुटबॉल." जणू भाजी नाही तर नाही, आमटी करू. सरांना फुटबॉलचं वेड नवं नवं लागलं होतं. बँकेतले गोव्याकडचे मित्र त्यांना रविवारी मनोरीच्या किनाऱ्यावर खेळायला न्यायचे, तिथे ही लागण झाली. पोट जरासं सुटलेलं, मिशी मात्र कोरीव, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि तोंडाने अखंड स्वतःची तारीफ. "मी थेट राज्याच्या खो-खो संघात गेलो असतो," असं ते दर आठवड्याला सांगायचे, आणि का गेले नाहीत याचं कारण दर वेळी वेगळं असायचं. कधी टायफॉईड, कधी आत्याचं लग्न. आम्ही ती कारणं पाठ केली होती.

पण शिकवायला लागले की हा बढाईखोर माणूस एकदम दुसराच व्हायचा. पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की या मुलींना फुटबॉल येत नाही ही अडचणच नाही, यांना खो-खो फार चांगला येतो ही अडचण आहे. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही. त्यामुळे आमच्यापैकी कुणाला बॉल मिळाला की ती नाकासमोर सुटायची ती थेट मैदान संपेपर्यंत. पुढे तीन जणी आडव्या असल्या तरी वळायचं नाव नाही. आणि दुसरी खोड त्याहून वाईट. खो-खोत बसलेल्या मुलीने पाठीवर थाप आणि कानावर "खो" पडल्याशिवाय हलायचं नसतं, आधी उठली की फाऊल. ते आमच्या हाडात इतकं मुरलं होतं की बॉल पायाशी येईपर्यंत आम्ही जागच्या जागी खिळून उभ्या. मोकळी जागा समोर दिसायची, पाय शिवशिवायचे, पण आधी पळणं म्हणजे चोरी! सर मैदानाच्या मधोमध कपाळाला हात लावून ओरडायचे, "अगं, खो मिळायच्या आधी उठ! इथे फाऊल नाहीये गं, इथे तीच अक्कल आहे!"

बॉल नसताना पळायचं, हे आमच्या पचनी पडायला अख्खा पावसाळा गेला. सुनंदा तर पळून झाल्यावर पंचांकडे असं अपराधी तोंड करून बघायची की पंच गोंधळून शिट्टी वाजवायचे.

सरांनी मग आमच्याच खोडीला कामाला लावलं. कुठून तरी दोन बांबू आणले आणि मैदानाच्या दोन कडांना, रेषेच्या बाहेर, रोवले. म्हणाले, "वळायचं नाही ना तुम्हाला? नका वळू. बॉल आपल्याकडे आला रे आला की दोन कडेच्या दोघींनी आधी खांब शिवायचा. मग पुढचं बघू." फक्कीने त्यांनी जमिनीवर मोठा पतंग काढला. गोलकीपर पतंगाच्या बाहेर. मागच्या टोकाला एक जण, पुढच्या टोकाला सुनंदा आणि कामटीच्या दोन टोकांना आम्ही दोघी. बॉल आपल्याकडे असेल तेव्हा पतंग ताणलेला हवा, गेला की झटकन मिटून आत. हे ऐकायला सोपं वाटतं. पण लहान मैदानात पाच मिनिटांतच सगळ्या बॉलभोवती गोळा व्हायच्या, आणि मग सर ठरलेलं ओरडायचे, "चुरगळला! पतंग चुरगळला!" ते खूपच चिडले की मालवणीत जायचे. "खंय चललंस गे? थंयच रव!" तिथेच राहा. त्या मैदानावर हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा आईने मला जेवायलाही हाक मारली नसेल.

एका सुट्टीत ते आम्हाला मनोरीला घेऊन गेले. बसने मार्वे, तिथून होडी. बहुतेक जणींचा होडीतला तो पहिलाच प्रवास, त्यामुळे निम्मा वेळ किंचाळण्यात गेला. पोचलो तेव्हा भरती होती. पाणी वर आलेलं, वाळूचा पट्टा जेमतेम गल्लीएवढा. सर म्हणाले, खेळा. काय खेळणार? नुसती ढकलाढकली. एकमेकींच्या पायात पाय, कुणाचं नख तुटलं, कुणाची वेणी सुटली. मग त्यांच्या मित्राच्या घरी जेवणं झाली, सरांची वामकुक्षी झाली, आणि दुपार कलली तेव्हा ओहोटी लागली होती. समुद्र चांगलाच मागे गेला होता आणि ओली, टणक वाळू केवढीतरी पसरली होती. पुन्हा खेळलो. त्याच आम्ही, तोच बॉल, आणि पोटात जेवण जड. पण पास नीट जायला लागले. सुनंदाने वळून मागे बॉल दिला... आयुष्यात पहिल्यांदा! सर वाळूत मांडी घालून बसले होते. म्हणाले, "सकाळी तुम्ही वाईट खेळत नव्हता. जागा नव्हती. आता समुद्राने दिलीय. आपल्या मैदानावर समुद्र नाही, तिथे ती तुमची तुम्हाला करावी लागेल." परतीच्या होडीत कुणी किंचाळलं नाही. सगळ्या दमून झोपल्या होत्या.

जागा करायची म्हणजे कुणीतरी कडेला जाऊन उभं राहायचं. ती कुणीतरी म्हणजे मी. आमच्यात सगळ्यांत वेगात मी पळायचे, म्हणून मला वाटायचं बॉल माझ्याकडे हवा. सरांचं म्हणणं बरोब्बर उलट. "तू पळतेस म्हणूनच त्यांची सगळ्यांत चांगली पोरगी तुझ्यामागे येणार. तिला घेऊन जा लांब. फिरायला ने हवं तर." मी हुज्जत घातली, रुसले, एकदा बूट मैदानातच टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते बूट आमच्या दाराशी, पुसून, नाड्या नव्याने ओवून ठेवलेले. सर एका शब्दाने त्याबद्दल बोलले नाहीत, आणि मला गपचूप खांबाकडे जावं लागलं. हळूहळू मला ते आवडायला लागलं. कडेवरून सगळं मैदान दिसतं. कोण दमलंय, कुठे भगदाड पडतंय, कोण कुणाला बघत नाहीये. बॉलपाशी असताना यातलं काहीच दिसत नाही.

अडचण आली ती घरातून. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, त्यानंतर कितीतरी महिने ते घरून डबा घेऊन निघायचे आणि गिरणीच्या दाराबाहेर बाकीच्यांबरोबर उभे राहून परत यायचे. पुढे साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागले. बोलणं आधीच कमी होतं, ते आणखी कमी झालं. माझ्या खेळण्याला त्यांनी ना हो म्हटलं होतं ना नाही. एका रविवारी न सांगता मॅच बघायला आले. पूर्ण मॅचभर मी खांबाचं गणित इमानदारीत पाळलं. बॉल मला दोन-तीनदा मिळाला असेल, तोही परत देण्यापुरता. घरी आल्यावर बाबा पायरीवर चप्पल काढता काढता म्हणाले, "तुला तिथे काय बाकीच्यांच्या चपला राखायला उभी केलीय काय?"

मी समजावायला गेले तर त्यांनी हात वर केला. "मी बघितलं ना डोळ्यांनी. सगळ्या खेळतायत आणि माझी पोरगी एकटी रेषेवर. मी उभा राहिलो दाराबाहेर, तेवढं पुरे झालं. तू नाही राहायचंस. उद्यापासून बंद." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला कळलं की हे पक्कं आहे. बाबा ओरडले तर आई मधे पडायची. असे हळू बोलले की आईही गप्प बसायची. मी त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडले. फुटबॉल सुटेल म्हणून रडले, आणि बाबांना मी तशी, दाराबाहेर ताटकळणारी दिसले, याचंही फार वाईट वाटलं.

चार दिवस मी आले नाही म्हटल्यावर सर घरीच आले. आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात आम्ही सहा माणसं आणि सातवे सर, ते दोघांची जागा घ्यायचे. आईने जेवायला बसवलं. सर पानातल्या वाट्या सरकवून बाबांना पतंग समजावू लागले. ही वाटी विजू, ही सुनंदा, लोणचं म्हणजे समोरची बॅक... बाबा मख्ख. शेवटी सरांनी सुनंदा खाऊन टाकली आणि म्हणाले, "रवांदे." म्हणजे राहू द्या. मग त्यांनी सरळ गावच्या बोलीत सूर लावला. दोघेही त्याच पट्ट्यातले.

"येत्या आयतवारी अंधेरीक मॅच आसा. एक डाव येवा. पण बॉलाकडे बघू नकात. फक्त ह्या तुमच्या चेडवाकडे बघा."

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. बाबांनी घास थांबवला. "बॉल बघूचो नाय, तर मगे येवचा कित्याक?"

"चेडवासाठी," सर म्हणाले. "तेच्यानंतर तुम्ही बंद म्हणालात तर बंद. मी परत दारात येवचंय नाय."

सरांनी आणखी भात घेतला.

त्या रविवारी अंधेरीच्या एका शाळेच्या मैदानावर बाबा नेमके माझ्या बाजूच्या रेषेवर येऊन उभे राहिले. हाताची घडी, कपाळावर आठी. खेळ चांगला व्हावा ही एरवीची काळजी, पण आज माझा सगळा खेळच पणाला लागला होता. आणि बॉलला पायही न लावता तो खेळ बाबांना दिसायला हवा होता. समोरच्या संघात लाल रिबीन बांधलेली एक चपळ मुलगी होती. तिला माझ्यावर सोडलेलं. पहिल्या काही मिनिटांत मला बॉल मिळालाच नाही. मोह आवरेना. एकदा मी आत शिरले तसा पलीकडून सरांचा आवाज आला आणि मी परत कडेला. बॉल आमच्या मागच्या टोकाला गेला, मी रेषेकडे पळाले, लाल रिबीन माझ्याबरोबर. पुन्हा बॉल मागे, पुन्हा मी रेषेला, पुन्हा ती बरोबर. बाबा इतके जवळ होते की त्यांचा खाकरण्याचा आवाज ऐकू येत होता.

तिसऱ्यांदा की चौथ्यांदा मी तशीच कडेला सुटले. लाल रिबीन आली. ती जिथून निघाली होती तिथे एक भलीमोठी मोकळी वाट पडली. सुनंदा खो मिळायच्या आधी उठली. बॉल त्या वाटेने गेला, तिला मिळाला, आणि गोल! सगळे ओरडले. मी हात वर करून वळले तर बाबा माझ्याकडेच बघत उभे. भांबावलेले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"गोल झाला बाबा! आपला!"

"मी नाही बघितला." त्यांनी शब्द पाळला होता, बॉलकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. मग जरा पुढे वाकून, मोठी शंका असल्यासारखं, हळू आवाजात म्हणाले, "विजू, ती रिबीनवाली पोरगी तुझ्याबरोबर इकडे कशाला आली?"

मी उत्तर द्यायच्या आत शिट्टी वाजली आणि मला पळावं लागलं. पण ते उत्तराची वाट बघत नव्हतेच. ते त्या रिकाम्या झालेल्या वाटेकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग परत तिकडे. लेथवर काम करणारा माणूस बिघडलेलं यंत्र बघतो तसे ते बघत होते. कुठला दात कुठे बसतो, काय फिरवलं की काय फिरतं. दुसऱ्या डावात मी पुन्हा एकदा मोहाने आत सरकले, आणि माझ्या मागून, अगदी कानाशी, गर्जना झाली, "थंयच रव गे!" ते सर नव्हते, बाबा होते. मैदानाच्या पलीकडे दळवी सर पोट धरून हसत होते.

ती मॅच आम्ही हरलो. लाल रिबीनवालीने नंतर सुनंदालाही धरलं आणि आमचं काही चाललं नाही. घरी परतताना बाबा एवढंच म्हणाले, "तिला आणखी लांब न्यायला पाहिजे होतीस." बंद करण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यानंतर कॉलेज संपेपर्यंत मी खेळले आणि बाबा शक्य त्या प्रत्येक मॅचला आले. सरांना त्यांचा थोडा त्रासच झाला म्हणायचा, कारण बाबा सूचना द्यायला लागले. दोघांची भांडणं व्हायची ती बांबू एक हात इकडे की तिकडे यावरून. आणि ज्या दोन माणसांना बोलायला एरवी काही विषयच नव्हता, ते टाकीच्या कट्ट्यावर दिवेलागण होईपर्यंत बसून राहायचे. बाबांचं बोलणं परत आलं ते तिथे. आई हे उघड म्हणायची. मी कधी सरांना म्हटलं नाही, आता इथे लिहिते आहे.

पुढे मैदानावर गाड्या उभ्या राहायला लागल्या, आम्ही लग्नं करून पांगलो, सर निवृत्त झाले. भेटी होत राहिल्या. गेल्या दिवाळीत मी आणि सुनंदा फराळ घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते खुर्चीतून उठले नाहीत, पण तारीफ चालूच होती. या खेपेला राज्याच्या संघात न जाण्याचं कारण कांजिण्या होतं. ते नवीन होतं, आम्ही टाळ्या वाजवल्या. निघताना म्हणाले, "तुम्ही बऱ्या खेळायचात हां." एवढी स्तुती त्यांनी आमच्या वाट्याला पहिल्यांदाच येऊ दिली.

बाबा आता माझ्याकडे असतात. ऐकू कमी येतं, पण बायकांच्या फुटबॉलची मॅच टीव्हीवर असली की ती बघायची म्हणजे बघायचीच, देश कुठलाही असो. कॅमेऱ्यावर त्यांचा भयंकर राग. हा माणूस नुसता बॉलच्या मागे मागे धावतोय, कडेला काय चाललंय ते दाखवतच नाही, ही त्यांची कायमची तक्रार. मधूनच लांबून सगळं मैदान दाखवतात, तेव्हा ते लगबगीने उठतात, टीव्हीपाशी जातात आणि त्यांना हवी ती खेळाडू बोटाने शोधतात. आमच्या टीव्हीची काच मधे स्वच्छ असते, आणि दोन्ही कडांना मात्र बोटांचे ठसे. माझी सून कुरकुरत पुसते, दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटलेले.

सर गेल्याचं मी त्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, टीव्ही लाव. कुठल्या तरी दोन देशांची मॅच होती. थोड्या वेळाने गोल झाला, निवेदक ओरडायला लागला, मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. बाबा ढिम्म. मग तोच गोल लांबून पुन्हा दाखवला. बाबा उठले, भिंतीला धरत टीव्हीपर्यंत गेले आणि त्या गर्दीपासून दूर, पार पलीकडच्या रेषेला चिकटून पळणाऱ्या एका मुलीवर बोट ठेवलं. तिच्या मागे एक जण धावत होती, आणि बॉल तिथे नव्हताच.

"ही बघ," ते मला म्हणाले. "गोल हिचा."